मास्तरांच्या गादीतली ऊब

१

गादी गरम होती आणि मास्तर गायब होते.

मोडलेली कडी नाही, सांडलेलं रक्त नाही, खिडकीखाली पायाचा ठसा नाही. थंडीच्या दिवसांतली एक साधी सकाळ, एक उघडी पडलेली रजई आणि तिच्याखाली हाताला लागणारी ऊब. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून थकलेला, हृदयाच्या दुखण्याने घरात बसवलेला म्हातारा माणूस त्या उबेतून उठून कुठेतरी गेला होता. नाश्त्याच्या वेळेला हे उघडकीला आलं. दुपार झाली तरी पत्ता नव्हता, तेव्हा मास्तरांचा मुलगा फौजदारांच्या दारात येऊन उभा राहिला.

फौजदार हे काही खरे फौजदार नव्हेत. पोलिसात होते, पण त्या हुद्द्याच्या बऱ्याच पायऱ्या खाली निवृत्त झाले. एका चोराला निव्वळ त्याच्या जांभईवरून पकडलं होतं, असं ते सांगत. लोक हसत, पण काही हरवलं की त्यांच्याकडेच येत. अलीकडे गुडघे फार कुरकुर करायला लागल्यापासून त्यांना माणसांचाही कंटाळा आला होता आणि त्यांच्या गुपितांचाही.

"काका, चला ना," मुलगा म्हणाला. तो बांधकाम खात्यात इंजिनिअर होता. आकड्यावाचून त्याचा आईच्या मायेवरही विश्वास बसला नसता. आज मात्र त्याने स्वेटर उलटा घातला होता.

"अरे, नाल्याकडे बघितलंस? बागेत?"

"सगळीकडे. गादी गरम होती म्हणजे लांब गेले नसणार, म्हणून आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींच्या नाकासमोरून गेले, काका. दारापाशीच बसल्या होत्या त्या. झोपल्या असणार. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेला मी फोन केलाय, संध्याकाळी त्यांचा माणूस येतोय. बाबांचं काही बरंवाईट झालं ना, तर मी पोलिसात तक्रार देणार. ती बाई परत कुणाच्या घरी कामाला लागता कामा नये."

फौजदारांनी चपला शोधायला सुरुवात केली. आतून बायकोचा आवाज आला, "गुडघ्याची पट्टी लावून जा. आणि त्या मास्तरांनी तुम्हाला नापास केलं होतं, तो राग आता काढू नका."

"नापास नव्हतं केलं," फौजदार पुटपुटले. "वर ढकललं नव्हतं, एवढंच."

२

मास्तरांची खोली लांबट होती. खाट भिंतीला लागून, उशाशी औषधांचा खण, पलीकडे पुस्तकांचं कपाट, आणि खाटेजवळच्या स्टुलावर बशीत एक कप. फौजदार खुर्चीत बसले, कारण उभं राहून विचार करण्याचं वय गेलं होतं.

आधी मावशी आल्या. मास्तरांची देखभाल करायला त्या रोज सकाळी येत आणि अंधार पडला की जात. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. आज डोळे लाल होते.

"मी डोळा मिटला नाही," त्या खुर्चीची वाटही न बघता म्हणाल्या. "आल्या आल्या मी खोलीत डोकावणार होते, तर वहिनी म्हणाल्या, झोपू दे, रात्रभर तळमळत होते. मग दारापाशी बसून धुतलेले कपडे घडी करत होते. माशी गेली असती तरी दिसली असती. पण माझं कोण ऐकतंय? गादी गरम. गादीची साक्ष माझ्यापेक्षा मोठी."

"मास्तरांच्या मुलाने काय बघितलं?"

"दादांनी पहाटे उठल्यावर दारातून बघितलं म्हणतात. रजईखाली झोपलेले दिसले. मग ते गेले अंघोळीला."

"मास्तर कसे होते दोन दिवस?"

मावशींनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "कसे असणार? गावाहून त्यांच्या अक्कांचा निरोप आला होता. मोठी बहीण त्यांची. शेवटचं चाललंय म्हणे. मास्तर म्हणाले, मला न्या. डॉक्टर म्हणाले, प्रवास झेपणार नाही. दादा म्हणाले, नाही म्हणजे नाही. त्यानंतर मास्तर बोलेनासे झाले. काल सांजेला मी त्यांची शेकायची पिशवी उकळून दिली, तेव्हा मात्र हसले. म्हणाले, मावशी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही यात उष्णता भरून ठेवताय."

"ही कुठली पिशवी? रबराची?"

"छे हो. ती नवी. आत पाण्यासारखं असतं आणि एक पत्र्याची चकती. चकती दाबली की टक्क करते, आणि बघता बघता सगळं पांढरं, दगडासारखं आणि गरम. परत वापरायची तर उकळत ठेवायची, पार पाण्यासारखी होईपर्यंत. मी काल करून खणात ठेवली."

फौजदारांनी खण उघडला. गोळ्यांच्या रिकाम्या जागा होत्या. मफलरही नव्हता. पिशवीही नव्हती.

मावशी गेल्यावर त्यांनी गुडघ्यांची माफी मागितली, ओणवे झाले आणि खाट आणि भिंतीच्या फटीत हात घातला. बोटांना काहीतरी गार, टणक लागलं.

बाहेर काढलं, तर पिशवी होती. पांढरी, दगडासारखी.

३

सूनबाई दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती हे फौजदारांना कळलं नाही, आणि याचं त्यांना व्यावसायिक वाईट वाटलं.

"चहा टाकू का, काका?"

"आधी बस जरा. गादी तूच बघितलीस ना पहिल्यांदा?"

ती खाटेच्या कडेला बसली. तिच्या चेहऱ्यावर तो थकवा होता जो एका रात्रीच्या जागरणाने येत नाही, वर्षानुवर्षं सगळ्यांच्या वेळा सांभाळल्यावर येतो.

"मामंजींना चहा घेऊन आले. रजई दूर केली, तर नाहीत. हात लावला, तर गादी गरम. उशीपासून पायथ्यापर्यंत. मी यांना हाक मारली."

"चहा घेऊन आलीस."

"हो. हाच कप. तसाच राहिलाय बघा, गडबडीत."

फौजदारांनी कपाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिच्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं.

"काटकसरी आहेस तू," ते म्हणाले. "मास्तर नेहमी कौतुक करायचे. सून घरात काही वाया जाऊ देत नाही म्हणून."

"मग? वाया घालवून कसं चालेल?"

"बरोबर आहे."

तिला काही कळलं नाही. ती उठून गेली. फौजदार बसून राहिले आणि त्यांनी एक लांब, दमलेला उसासा सोडला, कारण कोडं सुटलं होतं आणि कामाला आता कुठे सुरुवात होणार होती.

मग मुलगा आला.

"काका, काही कळलं?"

"तुझे बाबा जिवंत आहेत. धीर धर. आता सांग, गादीला तू हात कुठे लावलास?"

"मधोमध. कमरेच्या जागी. चांगली गरम होती."

"आणि पायाशी?"

तो आठवायला लागला. "पायाशी गारच होती बहुतेक. पाय आखडून झोपले असतील. पण त्याचं काय? मी सरळ बसस्टँडवरच जाणार होतो. पहिली शंका मला अक्काआत्याचीच आली. पण पहाटेची गाडी केव्हाच गेलेली आणि गादी तर गरम. म्हणजे त्या गाडीत नाहीत. तिच्या घरीही फोन केला, तिथे नाहीत."

"तिथे पोचायला किती वेळ लागतो?"

"दुपार कलते. का?"

फौजदारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"घरात पितळी पातेलं आहे का मोठं? आणि मास्तरांचं थर्मामीटर. तापाचं नव्हे, शाळेतलं. मला एक प्रयोग करायचाय."

"आत्ता? प्रयोग?"

"तुझा माझ्या शब्दावर विश्वास बसेल का?"

इंजिनिअर पातेलं शोधायला गेला. तो प्रामाणिक माणूस होता.

४

त्या दुपारी त्या घराने जे पाहिलं, ते नंतर गल्लीत तिखटमीठ लावून सांगितलं गेलं. म्हातारा हरवलाय, आणि हे फौजदार स्वयंपाकघरात पिशवी उकळत बसलेत.

पिशवी आधी गॅसवर उकळली. पांढरे खडे हळूहळू विरघळले, आतलं सगळं स्वच्छ झालं. मग ती गार व्हायला ठेवली. फौजदार तिच्याशेजारी डोळे मिटून बसले. मुलगा येरझाऱ्या घालत होता. मावशी कोपऱ्यात, हाताची घडी घालून. सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

"काका, पंखा लावू का? लवकर गार होईल," मुलगा म्हणाला.

"नको. घाई केली की प्रयोग बिघडतो. तुझे बाबाच सांगायचे."

खरं तर मास्तर असं काही सांगायचे की नाही, हे फौजदारांना आठवत नव्हतं. वर्गात त्यांची जागा खिडकीशी असे.

पिशवी गार झाली, तरी आतून पाणीच. "हीच तर गंमत," फौजदार डोळे न उघडता म्हणाले. "गोठायला पाहिजे होतं, पण गोठलं नाही. आत घेतलेली उष्णता धरून बसलंय बिचारं. नुसतं कुणीतरी डिवचायचा अवकाश. माणसंही असतात अशी."

ताट पुसणारा हात थांबला.

पातेल्यात चार लिटर पाणी मोजून ओतलं, पातेलं मास्तरांच्याच रजईत गुंडाळलं, थर्मामीटर बुडवलं. फौजदारांनी पिशवी पाण्यात धरली आणि चकती दाबली.

टक्क.

चकतीपासून पांढरी फुलं फुटावीत तसं पिशवीभर पसरत गेलं. वर झाकण. अधूनमधून हलवणं. पारा चढत गेला, रेंगाळला आणि थांबला.

"पाच अंश," मुलगा वाकून म्हणाला. आकडा दिसताच त्याच्या आवाजात जरा जीव आला.

"आता तूच कर हिशेब. चार हजार ग्रॅम पाणी, पाच अंशांनी तापलं."

"वीस हजार कॅलरी. म्हणजे वीस किलोकॅलरी."

"आणि झोपलेला माणूस तासाभरात अंगातून किती ऊब सोडतो?"

"बाबा सांगायचे. सत्तरच्या आसपास." तो थांबला. "म्हणजे ही पिशवी म्हणजे... पाव तास झोपलेला माणूस. थोडं जास्त."

"ही पिशवी मला खाटेच्या फटीत सापडली. घट्ट झालेली. मावशींनी काल सांजेला ती पाण्यासारखी करून ठेवली होती."

मुलाने हळूच खुर्ची ओढली.

"म्हणजे ती ऊब बाबांची नव्हती."

५

"गादीत माणूस असेल, तर पिशवीची गरज काय?" फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी सपाट होता, जसा शेवटच्या तासाला मास्तरांचा असे. "ऊब खोटी, म्हणजे तुझे बाबा त्याआधीच गेलेले. तू पहाटे रजईखाली बघितलास तो लोड होता. पण चकती मास्तरांनी जाताना दाबली असती, तर? पाव तासाचा माणूस. तू अंघोळ केलीस, पेपर वाचलास, मावशी आल्या, कपड्यांची चळत झाली. तोवर गादी भिंतीएवढी गार झाली असती. म्हणजे चकती दाबली ती नाश्त्याच्या जरा आधी. आणि तेव्हा मास्तर घरात नव्हते."

मुलाने मावशींकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" मावशी कडाडल्या. "मीच गादी गरम करून मलाच चोर ठरवीन होय?"

"नाही ठरवणार," फौजदार म्हणाले. "मावशींना गादी गार असण्यातच फायदा होता. आणि त्या खोलीत गेल्याच नाहीत. त्यांना जाऊ दिलं नाही."

ते उठले, मास्तरांच्या खोलीत गेले आणि तो कप घेऊन आले. ओट्यावर ठेवला. सूनबाईसमोर.

कप कोरडा होता. तळाशी चहाचा डागही नव्हता, साखरेचा कण नव्हता.

"मी खूप खोटी माणसं बघितली, बाळ," ते तिला म्हणाले, इतक्या हळू की मुलाला पुढे वाकावं लागलं. "पण सोंगासाठीसुद्धा कपभर चहा वाया घालवायला जिचा हात धजला नाही, अशी पहिलीच."

सूनबाईने कपाकडे बघितलं. तिच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच मोडलं.

"दूध कमी होतं," ती म्हणाली.

६

"तू?" मुलगा म्हणाला. एवढंच. त्याला राग यायला हवा होता, पण सकाळपासून पळून पळून रागालाही दम लागला होता.

"अहो, त्यांनी माझे पाय धरले असते हो. धरायला वाकले होते. मामंजी, माझे." ती ओट्याला टेकली. "म्हणाले, अक्काने मला वाढवलंय. ती जाणार आणि मी इथे गोळ्या मोजत बसणार? तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता. नाही म्हणालाच होता. रजईखाली लोड मीच ठेवला, नंतर मीच काढला. पहाटे दारही मीच उघडलं. मीच गाडीत बसवून आले, शेजारच्या सीटवर एक नर्स होती, तिला सांगितलं. गोळ्या दिल्या, मफलर दिला. मामंजी म्हणाले, तो सरळ स्टँडवर येईल, पुढच्या थांब्यावर मला उतरवेल. गादी गरम ठेव, म्हणजे तो गल्लीतच शोधेल. माझा मुलगा आकड्यांचा आहे, हाताला लागेल ते खरं मानेल."

"आणि मावशी?" फौजदारांनी विचारलं.

ती मावशींकडे वळली, पण डोळे वर झाले नाहीत.

"ते माझ्या लक्षातच आलं नाही. गादी गरम, म्हणजे ते मावशींच्या वेळेत गेले असं होईल, हे मला सुचलंच नाही. यांनी संस्थेला फोन लावला तेव्हा कळलं. म्हटलं, ते पोचले की सांगते. पोचले की लगेच सांगते."

"आणि पोचलेच नसते, तर?" मावशी म्हणाल्या. "वाटेत काही झालं असतं, तर वहिनी? मग सांगितलं असतंत?"

फौजदारांना वाटलं, या घरात आज विचारला गेलेला हा एकच खरा प्रश्न. बाकी सगळी पाण्याची मोजमापं.

मुलाने घड्याळ बघितलं, मग पातेलं, मग फौजदारांना. त्याच्या डोक्यात काहीतरी बसलं.

"काका, तो कप तुम्ही केव्हा बघितलात?"

"आल्यावर."

"मग हा सगळा उद्योग... पिशवी उकळा, गार करा..."

"तुला आकडा लागतो. तो मिळाला." फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि गाडीला वेळ लागतो. तोही मिळाला."

तेवढ्यात फोन वाजला.

मुलाने उचलला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "गोळी घेतलीत का?" आणि मग, "बसा. बसा तिच्याजवळ. मी उद्या येतो. नाही, न्यायला नाही. बसायला." त्याने उलट्या स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "अक्काआत्याचा हात धरून बसलेत," त्याने सगळ्यांना सांगितलं. "म्हणतात, हाताला ऊब आहे अजून."

सूनबाई ओट्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"काका, तुम्हाला देतो. कोणी शोधून काढलं विचारताहेत."

फौजदारांनी फोन घेतला आणि नकळत पाठ ताठ केली.

"कसं काढलंस?" मास्तरांचा आवाज पातळ झाला होता, पण विचारण्याची तऱ्हा तीच होती. फौजदारांनी सांगितलं. चार लिटर, पाच अंश, वीस हजार कॅलरी, पाव तासाचा माणूस.

"पातेलं कसलं होतं?"

"पितळी."

"पाणी तापलं, तेव्हा पातेलं थंडच राहिलं होय?"

फौजदारांनी पातेल्याकडे बघितलं.

"भांडं पण उष्णता खातं रे. ती धरलीस का हिशेबात? नाही ना. तेव्हाही नव्हती धरलीस. भांडं कुणीच धरत नाही." पलीकडे खोकल्याची उबळ आली, गेली. "त्या मावशींना दे फोन. मला माफी मागायची आहे. तुझी नाही, त्यांची."

मावशींनी फोन कानाला लावला. ऐकलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मफलर कानावरून घ्या," आणि ठेवून दिला. मग मुलाकडे वळल्या. "आता संस्थेला फोन लावा. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवा, सकाळी ठेवला होता तेवढाच."

त्याने लावला. मावशींनी प्रत्येक शब्द उभं राहून ऐकला. चूक आमची झाली, बाईंची नाही, असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा त्यांनी म्हणायला लावलं.

मग त्या खुर्चीत बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. सूनबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला दुसरंच काही बोलायचं होतं, पण ती सवयीचंच बोलली.

"मावशी, चहा टाकू का?"

मावशींनी ओट्यावरच्या कोरड्या कपाकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"टाका," त्या म्हणाल्या. "आणि भरून द्या."